टेकडीची पाने आता चिकट नाहीत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील कारखान्याचे मुख्य अभियंता साहेब, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या कीटकशास्त्राच्या बाई, बाईंच्या घरची मंडळी, आणि मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आज मला वाईट वाटायला हवे. वाटतेही. पण खरे सांगू? सुटल्यासारखे जास्त वाटते आहे.

कारखान्यामागच्या टेकडीवर झाडाखाली उभे राहिले की सदरा चिकट व्हायचा, आठवते? पानोपानी मावा, रस शोषून चिकट थेंब गाळणारी ती बारीक कीड. फवारणी केली तरी तो परत हजर. शेवटी सगळी झाडे तोडण्याचा हुकूम निघाला. बाईंचे म्हणणे एकच: कारखान्याच्या धुराने झाडाचा रस बदलतो आणि तो माव्याला मानवतो. तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, किडे काही आमच्या पगारावर नाहीत!"

"पगारावर नसतील," बाई म्हणाल्या, "पण जेवायला तुमच्याकडेच येतात."

साहेब आजही हसताहेत, म्हणून पुढे बोलायचा धीर होतो.

बाईंनी एकाच रोपवाटिकेतली रोपे घेतली, त्यांवर एकाच फांदीवरचा मावा सोडला. काही कुंड्या टेकडीवर ठेवल्या, काही डोंगरापलीकडे, जिथे धूर पोचत नाही. टेकडीवरची रोपे माव्याने भरली.

साहेब म्हणाले, "रोपंच नाजूक असतील. कुंड्यांची अदलाबदल करा, मग बोलू."

बाईंनी केली. आजारी रोपे पलीकडे जाऊन सावरली. धडधाकट रोपांवर इकडे मावा चढला. साहेब बराच वेळ कुंडीपाशी उकिडवे बसले. उठले ते म्हणाले, "तोडणी लांबवा असं मीच वर लिहितो. धुराड्याचं काम मला करू द्या."

सगळ्याच किडींना धूर मानवतो असे मात्र नाही. पाने कुरतडणाऱ्या काही अळ्या तिथे उलट कमीच होत्या. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून हे सांगणे भाग आहे!

धुराड्याला गाळणी बसली, मावा घटला. पण तो गाळणीमुळे, की त्या वर्षी जोरदार पावसाने तो धुऊन गेला म्हणून? मला शंका होतीच. बाईही म्हणाल्या, "एका वर्षावर नाचू नका." यंदा पाऊस बेताचा, तरी पालवी स्वच्छ आली. गेल्या आठवड्यात तोडणीचा हुकूम रद्द झाला; मघाशी सुटल्यासारखे वाटते म्हणालो ते यामुळेच. बाई एवढेच म्हणाल्या, "चला, आता घरी जायला हरकत नाही."

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल तर पोटात घाला. पुष्पगुच्छाऐवजी त्याच टेकडीवरची ही फांदी आहे; ती साहेबांनी द्यावी.

बाई, रुमाल शोधू नका. हात चिकट होणार नाहीत.