सहावं धोंडस

आई : नाही रे वेदांग. ही ती चव नाही.

वेदांग : आई, हे सहावं धोंडस आहे. तीन आठवड्यांतलं सहावं!

आई : सहावं असो की सोळावं. विचारलंस म्हणून सांगितलं. वाईट नाही झालेलं. पण कुडाळच्या घरी मी करायचे ते हे नव्हे.

क्षितिजा : आल्झो, तर मग आता सातवं! बाजारातले ते काकडीवाले आजोबा मला परवा विचारत होते, घरी ससे पाळलेत का म्हणून.

वेदांग : क्षितिजा, प्रत्येक गोष्टीची थट्टा करायची नसते.

क्षितिजा : प्रत्येक गोष्टीची कुठे करते? दिवसभर उपग्रहांना आज्ञा सोडणारा माझा नवरा संध्याकाळी काकडीच्या केकपुढे हात जोडून उभा राहतो, तेवढ्याचीच करते.

वेदांग : केक नव्हे तो. तांदळाचा रवा, जून काकडी, गूळ आणि ओलं खोबरं एकमेकांत हळूहळू विरघळत जातात, तेव्हा कुठे धोंडस होतं. आपल्या ताटातून ते केव्हा निघून गेलं, कुणाला कळलंसुद्धा नाही.

आई : मला कळलं. बाजारात श्रीखंडाचे डबे आले आणि मी सुटले.

क्षितिजा : आई, हे वाक्य धोंडसापुढच्या कार्डावर हवं होतं! यानं काय लिहिलंय ते ऐका. ‘विस्मृतीच्या धुक्यात विरलेल्या दक्षिण कोकणातल्या दुपारींचा हा गंध. शुभा सामंत यांच्या हातची चव.’

आई : ते माझं नाव काढ बघू आधी.

वेदांग : असं काय करतेस? चार वाजता इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. जुन्या पक्वान्नांचं टेबल आहे, आणि चाळीस जणांना मी सांगून बसलोय की ही माझ्या आईच्या हातची चव आहे.

आई : मला विचारून सांगितलंस? उद्या मी परत घरी जायला विमानात बसणार, आणि इथे भलत्याच चवीवर माझं नाव राहणार. तिकडची एखादी बाई निघाली मंडळात, तर हसेल मला.

वेदांग : पण माझ्या जिभेला हीच चव आठवते. अगदी हीच! ओलसर, मऊ, हळदीच्या पानाचा वास लागलेली.

आई : गोडमिट्ट आहे ही. धोंडसाला कशी जराशी कडवट झाक असते. दाताखाली कुरकुरतं.

वेदांग : कडवट? धोंडस?

क्षितिजा : थांब जरा. आई, तोपातलं, म्हणजे त्या पातेल्यातलं, नेमकं कुठल्या भागातलं धोंडस खायचात तुम्ही?

आई : कुठलं म्हणजे? राहील ते. खाली निखारे, वर निखारे, दोन तास तोप सांभाळायचा. मग वड्या पाडायच्या. आधी देवाला, मग पुरुषांना, मग मुलांना, मग सासूबाईंना आणि जाऊबाईंना. हा तर मधल्याच वड्या मागायचा. दोन-दोन.

क्षितिजा : आणि तुम्ही?

आई : तोप घासायचं काम माझं, म्हणून खरवडही माझी. बुडाला लागलेली. उलथन्यानं काढायची आणि मोरीशीच उभ्यानं खायची. छान लागायची गो.

(वेदांग हातातली सुरी खाली ठेवतो.)

क्षितिजा : गेनाऊ, अगदी तेच! फ्रँकफुर्टपर्यंत जाऊन हळदीची गोठवलेली पानं आणलीस. आईंनी काय खाल्लं होतं, तेवढं विचारायचं राहिलं.

वेदांग : तू कधी बोलली नाहीस, आई.

आई : बोलायचं काय त्यात? सगळ्याच घरांत धाकट्या सुनेला तीच चव ठाऊक.

वेदांग : आणि मी म्हणत होतो, आपली हरवलेली चव परत आणू या...

क्षितिजा : तू तुझी मधली वडी परत आणत होतास.

वेदांग : बरोबर आहे तुझं. नाव काढतो, आई.

आई : राहू दे आता. केलं तर मीच होतं. खाल्लं नव्हतं, एवढंच.

क्षितिजा : हेही लिहू का कार्डावर?

आई : नको गो. घास अडकेल लोकांचा.

वेदांग : मग सातवं लावतो. मंडळासाठी नाही, तुझ्यासाठी. बुडाला मुद्दाम लागू देतो. धुरानं अलार्म वाजला तर वाजू दे, सगळी बिल्डिंग खाली उतरू दे!

आई : काही नको. यातलीच एक वडी दे. मधली.

वेदांग : पण तुला आवडली नाही ना ती?

आई : सहाही वेळा मी चूक शोधत खाल्लं रे. आता नुसतं खाऊन बघते.