लंकेच्या उशाशी

सिस्टरनं डोळ्यांत थेंब टाकले आणि पापण्या उघडू नका, असं बजावून श्रावणरावांना बाकावर बसवलं. यवतमाळच्या त्या दवाखान्यात आता त्यांना ऐकण्यावाचून दुसरं काम उरलं नाही. शेजारी दोन बाया बोलत होत्या.

“सत्यशीलाताई, एकट्याच आल्या? माह्या ऋतिकनं तं मले गाडीवर आणून सोडलं.”

“नशीब तुमचं, दीपमालाबाई. आमची निशिगंधा दिल्लीत, परराष्ट्र खात्यात. श्रीलंका कंगाल झाली न, तिले सावरून राह्यली.”

“एकटी पोरगी?”

“मदत देणारे देश लय आहेत. पण प्रत्येक जण म्हणते, पह्यले दुसऱ्यानं द्यावं, मंग मी. त्या साऱ्यायले एका टेबलावर बसवाचं काम तिचं.”

“मोठं काम आहे, बाई.”

“असन. माह्या डोळ्याचं सांगतलं तं ‘बरं’ म्हणते. अन् लंकेत दवाई नाही, दूध नाही, हे सांगताना रडते. जशी लंका पोटची अन् मी शेजारीण.”

“देशाचा कायले राग कराचा?”

“तेच तं. तिथली मानसं बी आपल्यासारखीच बुद्धाले हात जोडते. मी शिवी द्याले गेली का जीभच अडते.”

“मंग पोरीले बोलवा न.”

“सकाळी तिनंच विचारलं, आई, येऊ का? मी म्हटलं, तुह्या लंकेले विचार.”

“मंग?”

“मंग तिनं फोन ठेवला.”

सिस्टरची हाक आली, “सत्यशीलाबाई कोण आहे? चला, ऑपरेशनला. सोबत कोण आलं तुमच्या?”

“कोणी नाही, सिस्टर. पोरगी आहे, पण ते लंकेच्या उशाशी बसली.”