नकाशाची घडी अजून घातलेली नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पालिकेचे प्रमुख ओडव्हार मोएन, व्यासपीठावरच्या धर्मगुरू सोल्वाइगबाई, सत्कारमूर्ती तारयेई ब्राटलंड, आणि वॅफलच्या वासाने केव्हापासून माना मागे वळवून बसलेल्या माझ्या स्कोर्दालकर बंधुभगिनींनो,

मला चारच शब्द बोलायला सांगितलंय. अध्यक्षमहाशय आत्ता बोगद्याच्या कामाविषयी बोलले ते चार शब्द असतील, तर माझेही तेवढेच होतील.

तारयेई आज संग्रहालयाची किल्ली खाली ठेवतोय. संग्रहालय म्हणजे जुन्या धान्यकोठारातल्या दोन खोल्या, हे तुम्हांआम्हांला ठाऊक. पण परदेशातून माणसं तिथे येतात ती एका पुस्तकासाठी. अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्यांसाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वी छापलेली ती मार्गदर्शिका, आणि तिच्या पाठीला चिकटवलेला घडीचा नकाशा. नकाशासकट शाबूत राहिलेली प्रत म्हणाल तर आपलीच. आणि ती राहिली कोणामुळे? या बसलेल्या खडूस माणसामुळे. एकदा राजधानीतून मंत्रीमहोदय आले होते. तारयेईने त्यांना आधी नळाकडे पाठवलं, आणि हात पुसून आल्यावर पुन्हा पाठवलं, कारण नखं राहिली होती.

त्या पुस्तकातला सल्लाही तसाच रोखठोक. बोटीवर इतकी सुकी भाकरी न्या की शेजाऱ्यालासुद्धा पाहून कंटाळा यावा. पेटीवर नाव ठळक रंगवा. आणि चाळिशी उलटलेल्यांनी ही दगदग करूच नये. हे शेवटचं वाक्य तारयेई पाहुण्यांना वाचून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा. तारयेई, आज का नाही हसत?

आता आपल्या रिवाजाकडे येते. खोऱ्यात पुस्तक एकच, तेही सगळ्यांत मिळून घेतलेलं. ज्याला जायचं असेल त्याने चर्चमध्ये चारचौघांदेखत नकाशा उघडायचा. उघडला की गावाने समजायचं, हा चालला. आणि तो पुन्हा घडी घालेपर्यंत ज्याची हरकत असेल त्याने उठून सांगायचं, मग ती आई असो नाहीतर वाग्दत्त वधू. घडी पडली की मात्र तोंडातून अक्षर काढायचं नाही, पेटी उचलायला हात लावायचा. म्हणूनच आपल्यातलं कोणी आजही त्या नकाशाच्या वाटेला जात नाही. पाहुण्यांचं सोडा, ते काय, जाणारेच असतात.

बोर्गहिल्ड, तू तोंड लपवू नकोस. बाहेरून लग्न होऊन आलेली ही पोर, पहिल्याच महिन्यात सहज म्हणून नकाशा बघून आली. संध्याकाळी घरी जाते तो सासू डोळ्यांना रुमाल लावून बसलेली, आणि शेजारपाजारचे वाटेसाठी चीज घेऊन दारात. बिचारीला वाटलं, इथे पाहुणचाराची हीच पद्धत असावी. तिने सगळं चीज ठेवून घेतलं.

तर गेल्या आठवड्यात मी आजच्यासाठी मोठं पातेलं मागायला कोठारात गेले. बघते तर तारयेई चष्मा लावून नकाशावर वाकलेला. नकाशा उघडा, आणि पाहुणा एकही नाही.

"काय रे, कसर लागली का?"

"नाही. सिग्नेचं गाव शोधतोय."

सिग्ने म्हणजे त्याची लेक, मिनेसोटात असते. मी म्हटलं, "अरे, त्या नकाशात मिनेसोटाच नाही. तूच सांगतोस ना सगळ्या जगाला?"

"हो. तरी म्हटलं, बघावं."

"कायमचा जातोयस?"

"ती म्हणते, ये. इथे माझं आता काय राहिलंय, गुन्वोर?"

माझ्या तोंडाला कुलूप नाही हे तुम्ही सगळेच म्हणता. पण तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पातेलं कुठेय?" आणि पातेलं घेऊन घरी आले. आले, आणि त्यातच तोंड घालून रडले.

आज सकाळी खुर्च्या आणायला पुन्हा तिथे गेले. नकाशा तसाच उघडा आहे. तारयेई विसरला असेल, असं म्हणायची इथे कोणाची छाती आहे का? मला वाटतं, कोणीतरी उठून काहीतरी बोलावं म्हणून तो वाट बघतोय, आणि आपण सगळे मात्र सत्काराची शाल आणि घड्याळ घेऊन आलोय.

तेव्हा रिवाजाप्रमाणे, सर्वांसमक्ष, धर्मगुरूंच्या साक्षीने सांगते. माझी हरकत आहे.

इथे तुझं काय आहे, विचारलंस ना? मी आहे. माझे यजमान गेल्यापासून दर रविवारी आंबट सायीची खीर करते आणि 'उरली' म्हणून तुझ्याकडे पाठवते. दर रविवारी बरोबर एका माणसाची खीर कशी रे उरते? एवढा हुशार माणूस, नखातला मळ दिसतो, आणि हे दिसलं नाही?

लेकीकडे जाऊन ये. अवश्य जा, नातवंडांना भेट. पण परत ये.

महिला मंडळाने पहाटेपासून चूल सांभाळली, त्यांचे आभार. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं पण मला थांबवलं नाही, त्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर ते पोटात घाला. हरकत मात्र पोटात घालू नकोस, तारयेई. तिला उत्तर लागतं.