उद्याच्या पंगतीत आग्रह न्हाय

बसा, मंडळी. कुणी उठू नका. पोपटराव, माईक हिकडं द्या. व्हय, मीच बोलणार हाय.

आपल्या कळस गावात शोकसभेला बापय बोलत्यात आन् बाया तोंडाला पदर लावून मागं बसत्यात, हे मला ठावं हाय. मी बी तशीच बसले व्हते. माझा माणूस गेलाय, मंडळी. परातीत पीठ घेतलं की अजून दोघांचं घेतीय मी. आन् भाकरी झाली की भूकच न्हाय. शेजारणी म्हणत्यात, खा, त्यांच्यासाठी तरी खा. मी ताट सारते. अशा बाईनं काय बोलावं?

पर आत्ता पोपटराव बोलता बोलता म्हणालं, "तात्यानं पोटासाठी एवढं पथ्यपाणी केलं, रोज चालायला गेला, शेवटी मिळालं काय? चालतानाच गेला." मंग मला बसवंना. पोपटराव माझं चुलतदीर. त्यांचा मान हाय. पर काय मिळालं ते त्यांना ठावं न्हाय, मला ठावं हाय. ताट मी वाढत व्हते.

तुमचं तात्या सोयरिकी जुळवायचं. इंदापूरची पोरगी बारामतीला, बारामतीची इंदापूरला. ह्या मांडवात बसलेल्या कितीजणांची लगनं त्यांनी जमवली! आन् पोरगी बघायला गेलं की पोहं. मंग चहा. तिथनं दुसऱ्या घरी, परत पोहं, परत चहा. नको म्हणायची सोय न्हाय. मध्यस्थानं बशी परत केली की लोक म्हणणार, पोरगी पसंत न्हाय वाटतं. पोरगी एकाची, लगीन दुसऱ्याचं, आन् पोट आमच्या मालकाचं!

हसा, हसा. तेबी ह्याच्यावर हसायचं. नंतर नंतर.

आधी हसू नव्हतं. लोकांच्या वरच्या खिशात पेन असतो, ह्यांच्या खिशात गोळ्यांचं पाकीट. छातीत जळजळ, पोट नगाऱ्यावानी फुगलेलं, सकाळी पोट साफ न्हाय, आन् त्याचा राग माझ्यावर. कुणी सांगितलं सोडा प्या, कुणी सांगितलं लिंबू प्या. सगळं पिऊन झालं.

मंग आमी बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. भिगवणच्या तांबोळ्यांची लेक. वडलांचं किराणा दुकान हाय. त्या आज आल्यात. ते बघा, खांबापाशी बसल्यात. आल्यापासनं निम्मी सभा त्यांच्याकडं डोळं वटारून बघतीय, ते मला दिसतंय. डॉक्टर, तुमी तिथं बसू नका. हितं या, माझ्याजवळ.

बाईंनी आधी दुर्बिणीची तपासणी करून घेतली. आत काय वंगाळ न्हाय ह्याची खात्री केली. आन् मंग नुसतं इचारत बसल्या. जेवता कवा? झोप लागती का? मशेरी किती येळा लावता? जेवताना डोक्यात काय चालतंय? मालक बाहेर आलं ते तणतणतच. "ना सुई, ना सलाईन! पोटाचं सांगायला गेलो तर बाई झोपेचं इचारती. डॉक्टर हाय का पोलीस?"

मी म्हणलं, "अवो, सोयरीक जुळवताना तुमी नुसती पोरगीच बघता व्हय? घर बघता, पाणी बघता, चुलता कसा हाय ते बघता. तशी ती बाई तुमचं सगळं घर बघतीय."

एस्टीत बसलो, भिगवण आलं. मंग म्हणालं, "मशेरी सोडायची म्हणती."

सोडली. लई त्रास झाला, त्यांना बी आन् मला बी, पर सोडली. दिवस मावळायच्या आत जेवण. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दुपारी ताक. जेवताना फोन बंद, कुणाच्या लगनाची भांडणं ताटावर घ्यायची न्हाईत. जेवल्यावर चालणं, आन् त्यांचं बघून गावातल्या चार बाया बी चालाय लागल्या. गोळ्या एकदम न्हाय सोडल्या, बाई सांगतील तशा हळूहळू कमी झाल्या. आन् ताट वाढलं की पोटावर हात ठेवायचं आन् इचारायचं, "काय रं, भूक हाय का?" मला वाटलं, माणसाला याड लागलं. पोट न्हाय म्हणालं तर ताट झाकून उठायचं.

कऱ्हाटीला एका घरी पोहं आलं. ह्यांनी पोटावर हात ठेवला आन् बशीला हात जोडलं. पोरीचा मामा फुगला. "घरातलं खात न्हाय, म्हंजी सोयरीक मोडायला आला व्हय?" मालक म्हणालं, "मामा, पोरगी सोन्यासारखी हाय. पर भूक न्हाय. तुमच्या मानासाठी ह्या पोटाला अजून किती मारू?" तवा पोरगीच आतनं बोलली, "तात्या, ताक चालंल का?"

चाललं. सोयरीक जमली. ती बघा ती सुनंदा, मांडीवर लेकरू घिऊन बसलीया. इचारा तिला, खरं का खोटं.

आता सांगते काय मिळालं. झोप मिळाली. गडी घोरायला लागला, आन् मला त्या घोरण्याचं सुख वाटायचं. लगीन झाल्यापासनं जेवताना ज्यानं कवा मान वर केली न्हाय, तो माणूस माझ्याकडं बघून म्हणायला लागला, "आज भाकरी चांगली झालीया." एवढंच. पर उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं मी. पोपटराव, हे मिळालं. कमी हाय का?

आन् चालण्यानं मेलं म्हणता? माझं मालक चालण्यानं न्हाय मेलं. अंधारात अंगावर आलेल्या एका दिव्याच्या ट्रॅक्टरनं मेलं. त्या ट्रॅक्टरला दुसरा दिवा का नव्हता, हे ह्या सभेत एकानंबी इचारलं न्हाय. डॉक्टरनं चालायला का सांगितलं, हे मातूर सगळं इचारत्यात! पाणी आणायला गेलेला माणूस हिरीत पडला, तर तहानेवर खापर फोडणार का तुमी?

आता उद्याचं ऐका. उद्या तेरावं. भावकीनं मला न इचारता आचाऱ्याला बुंदी सांगितली व्हती. सकाळीच मी त्याला माघारी लावलं. उद्या ज्वारीची भाकरी, मटकी आन् ताक. गोड पायजेच असंल त्याला गुळाचा खडा. आन् पंगतीत आग्रह न्हाय. "माझ्यासाठी एक घ्या" कुणी म्हणायचं न्हाय. जेवणाऱ्यानं पुरं म्हणलं की वाढप्यानं पुढं जायचं. लोक नावं ठेवतील म्हणता? लोक म्हंजी तुमीच की! ठेवा आत्ताच, मी हितं उभी हाय. म्हणा, माणूस गेला तरी पथ्य सुटंना. व्हय, न्हाय सुटणार. माणूस मातीत गेला, त्यानं कमावलेलं मी मातीत घालणार न्हाय.

जेवणं झाली की मालक चालायचं त्याच रस्त्यानं मी चालायला निघणार. उन्हं असतानाच. तात्या गेल्यापासनं ज्या बाया चालायच्या बंद झाल्यात, त्यांनी पायात चपला घालून दारात यावं. मी हाक मारीन.

आता शेवटचं. उभं राहून मान खाली घालायची रीत हाय. मी दुसरं मागते. बसल्या जागी डोळं मिटा आन् हात पोटावर ठेवा. पोपटराव, तुमीबी. तात्या रोज इचारायचं ते मनात इचारा. कुणाच्या मानासाठी न्हाय, कुणाच्या भ्यावानं न्हाय. आपल्या पोटाला आपण इचारायचं. जरा येळ गप बसा. मीबी बसते.

...

उघडा डोळं.

मालक, मीबी इचारलं. तुमी गेल्यापासनं आज पहिल्यांदा पोट म्हणलं, हाय. आता घरी जाऊन मी भाकरी टाकणार. एका माणसाचं पीठ घेणार, आन् सगळी भाकरी खाणार.

राम राम, मालक.