फोल ब्लांशची विरळणी

अरे, दुबईत मंदी आली, साइटवरची माझी नोकरी खलास झाली. व्हिसाचा महिनाच उरलेला, म्हणून एका दारूच्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो.

फ्रेंच मॅनेजरने विचारलं, "फोल ब्लांश माहितीये?"

"नाही सर."

"ब्रँडीची पांढरी द्राक्षं. माझ्या आजोबांची बाग होती. घड इतके दाट, की आतून सडायचे."

मी तासगावचा, द्राक्षबागेतच वाढलेला, राहवेना. "मग घडातले मणी काढून विरळणी का नाही केली?"

अर्धा तास आम्ही बागेवरच बोललो. नोकरी मिळाली!

गावी वडिलांना फोन केला. दारूचं कसं सांगणार? म्हटलं, "द्राक्षांच्या कंपनीत लागलो. माल फ्रान्सवरून येतो."

"एवढ्या लांबनं? नासत न्हाई?"

"नाही आबा. जितका जुना, तितका महाग."

आबांनी आवाज बारीक केला. "बरं. तुझ्या आईला बेदाण्याची कंपनी हाय म्हणून सांगतो."