हबीबभाईंच्या हातातला खजूर

बसा, बसा. मागच्यांनी पुढं या. हबीबभाईंच्या शोकसभेत दोन शब्द बोलायला उठलोय. इरफानबेटा, तुझ्या अब्बांचं मी रडत नाय सांगणार. त्या माणसाला रडकं तोंड खपायचं नाय.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनला फार वर्षं झाली नव्हती. मोहल्ल्यात माणसं एकमेकांकडं चोरून बघायची. अशात या हिमरू शाली विणणाऱ्या माणसानं फुटबॉलची टीम काढली. सहा मुसलमान, पाच हिंदू. लोक म्हणाले, आपसातच मारामारी करतील. केली ना! पण बॉलसाठी!

आणि काय तो हंगाम, मंडळी! जिल्ह्यातल्या क्लबांची स्पर्धा. पहिली मॅच जिंकली, लोकांना वाटलं नशीब. दुसरी जिंकली. तिसऱ्या मॅचला समोर बूटवाली टीम, आम्ही अनवाणी. तीन-शून्य! पाचोडचा बाजार सोडून माझा बाप बघायला आला होता. त्यानं पागोटं हवेत फेकलं, ते परत सापडलं नाय!

फायनल आली रमजानमधी. आमचा एक रिवाज होता. रोजेदार पाणी पीत नाहीत, म्हणून हाफटायमाला आम्ही पाच हिंदूही पीत नव्हतो. आमचे गोलकीपर हबीबभाई ओरडायचे, "पियो रे पागलां! रोजा मेरा है, तुम्हारा नहीं!" ऐकतंय कोण?

मॅच उशिरा सुरू झालेली. एक-शून्यानं आम्ही पुढं. पाचच मिनिटं राहिली, अन् रोजा सोडायचा भोंगा वाजला. मी डावीकडचा बॅक. वळून बघितलं, हबीबभाईंचे ओठ पांढरेफट्ट. मला राहवलं नाय. जागा सोडली, गोलामागं ठेवलेला खजूर उचलला न् त्यांच्या हातात कोंबला. ते ओरडले, "मेरे कू नको देख, गेंद देख!" तोवर माझ्याच मोकळ्या बाजूनं बॉल आत. एक-एक. आमची फळी विस्कटली. शेवटच्या मिनिटाला दुसरा गोल. हरलो!

लोकांनी काय बघितलं? मी धावलो ते नाय, फक्त गोलकीपरच्या हातातला खजूर; म्हणाले, खाण्यापायी गोल सोडला. त्या दिवसापासून हबीबभाई 'खजूरमियाँ' झाले. बाजारात, हॉटेलात, लग्नात. मी खरं सांगायला निघालो, तर त्यांनी माझी कॉलर धरली. "चुप बैठ. लोगां बोलेंगे, हिंदू ने जानबूझ के गोल दिया. टीम टूट जाती."

मी चुप बसलो. टीम लई वर्षं खेळली. पण टीम संपल्यावरही मी चुपच होतो, मंडळी. ते कशापायी? भित्रेपणापायी.

आज सांगतो. जागा मी सोडली. खजूर मी दिला. त्यांनी तो तोंडातसुद्धा घातला नव्हता. इरफान, तुझ्या बापाचा काडीचा दोष नव्हता रे.

आता दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहू. ज्यांनी ज्यांनी त्यांना 'खजूरमियाँ' म्हटलं, त्यांनी आधी उठा. मी उभाच आहे. हसणाऱ्यांत मी पण होतो.