वणीचं लग्न

मुलाशी मी खोटं बोलले ते एकदाच, आणि ते साल्हेरच्या माथ्यापर्यंत निभावलं.

यांची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झाली होती. राज्यातला सगळ्यात उंच किल्ला चढायला डॉक्टरांनी हो म्हटलं, पण आमचा निखिल काही ऐकेना. शेवटी "वणीला लग्न आहे" असं त्याला सांगून आम्ही दोघं पहाटेच नाशिकहून निघालो. बसत-उठत, कातळातल्या पायऱ्या चढत परशुरामाच्या देवळापाशी पोचलो, आणि नेमका तिथेच निखिलचा फोन लागला.

"आई, एवढा कसला आवाज येतोय?"

"कार्यालयातले पंखे रे."

"बाबांना जिने चढू देऊ नकोस."

"छे, एका जागी बसलेत."

बसलेच होते बिचारे, दम खात. पण तेवढ्यात उठले, चहूकडचे डोंगर पाहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "अगं, इथून वर काहीच नाही! पोचलो आपण!"

फोनवर निखिलला ते ऐकू गेलंच. त्याने विचारलं, "आई, हे कार्यालय कितव्या मजल्यावर आहे?"

"सगळ्यात वरच्या," मी म्हटलं. तो खदखदून हसला, तेव्हा कुठे मी फोन यांच्या हातात दिला.